जोर कुठून आणायचा

मिळालेल्या बळावर समाधान मानावं, की ते वाढवायला हात घालावा? गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाला हा प्रश्न कीर्तनात भेटतो, तसा मला तो गॅरेजातही भेटतो. वडनेर भोलजीला, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे, हमरस्त्याच्या कडेला मी इंजिनकाम करतो. पूर्वी हा रस्ता सहा नंबरचा महामार्ग होता, आता त्रेपन्न. कापूस, मका, कांदा, मंडपाचे बांबू, लग्नाचं वऱ्हाड, जे असेल ते घेऊन पिकअप गाड्या इथून जातात. मालकाची तक्रार ठरलेली असते: गाडी दम धरत नाही, जोर वाढवून द्या. आणि अलीकडे तरुण पोरं जोर वाढवण्याचा उपायही स्वतःच सांगतात: कॅमशाफ्ट बदला.

कापसाच्या हंगामात मोताळ्याकडचा एक तरुण आला. बोलेरो पिकअप, 2523 सीसीचं डिझेल इंजिन. म्हणाला, "काका, राजूर घाटात गाडी रडते. मले एकानं सांगतलं, रेसिंगचा कॅम भेटते. तोच टाकून द्या." कंपनीच्या कागदावर या इंजिनाची ताकद 75 अश्वशक्ती आहे आणि पिळाचा जोर 200 न्यूटन-मीटर. महत्त्वाची गोष्ट पुढे लिहिलेली असते: हा जोर मिनिटाला 1400 ते 2200 फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो. ओझ्याच्या गाडीला जिथे जोर लागतो तिथेच तो ठेवलेला आहे. रेसिंगचा कॅम जोर उचलून नेतो चार-पाच हजार फेऱ्यांवर, आणि हे इंजिन आयुष्यात कधी तिथे जात नाही. शिवाय डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा दाबून दाबून एवढी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं. त्यासाठी पिस्टन हेडला जवळजवळ भिडेपर्यंत वर येतो. अशा वेळी वाल्व नेहमीपेक्षा जास्त उघडा राहिला तर पिस्टन त्यालाच जाऊन धडकतो. हवा आत ढकलायचं काम टर्बो करतो, तेल किती द्यायचं ते पंप आणि कॉम्प्युटर ठरवतात. तिथे कॅमशाफ्टकडून मिळण्यासारखं फार काही उरत नाही.

मी गाडीचा एअर फिल्टर काढला. कापसाचे तंतू आणि धूळ यांनी तो गादीसारखा भरला होता. टर्बोच्या रबरी पाइपला क्लॅम्पपाशी चीर होती, हवा तिथूनच निघून जात होती. टॅपेटची फट बिघडलेली होती. ती फिलर गेजनं लावली, पाइप बदलला, फिल्टर नवा टाकला. पोरगा थोडा हिरमुसला. "म्हंजे हाये त्यातच समाधान मानू म्हनता?" मी म्हटलं, नाही. आणि हे "नाही" मला सविस्तर सांगायचं आहे, कारण त्याच्या प्रश्नात एक चुकीची समजूत दडलेली आहे आणि ती आपल्या पुष्कळ भाविकांच्या मनातही आहे.

तुकोबांनी समाधान शिकवलं, देव ठेवील तसं राहायला सांगितलं, हे खरं. पण त्या शिकवणीचा आधार घेऊन तुंबलेला फिल्टर तसाच ठेवणारा माणूस तुकोबांवर अन्याय करतो. जे आपल्या हातात नाही त्याच्याबद्दल तळमळू नये, असं ते सांगणं आहे. फिल्टर आपल्या हातात आहे. समाधानाच्या नावाखाली आळस खपवण्याची ही सवय मला सहन होत नाही. बुवांच्या कीर्तनात मान डोलावून घरी आल्यावर विहिरीची मोटार दुरुस्त न करणारी माणसं मी पाहिली आहेत.

पतंजलींच्या योगसूत्रांत कैवल्यपादाच्या सुरुवातीला शेतकऱ्याचा दाखला येतो. आपण करतो ती साधना प्रकृतीला ढकलत नाही. वाटेत अडलेला बांध ती बाजूला करते आणि पाणी आपल्या स्वभावानं वाफ्यात जातं. माझ्या धंद्याचं सार मला या सूत्रात सापडलं. मेकॅनिक जोर निर्माण करत नाही. जोर इंधनात असतो, हवेत असतो. आपण अडथळा शोधायचा आणि काढायचा. म्हणून मी म्हणतो, आधी शुद्धी, मग शक्ती. साधनमार्गातही क्रम हाच आहे: चित्त स्वच्छ नसताना सिद्धीच्या मागे लागणाऱ्याला सगळ्या संतांनी अडवलं आहे.

पण समजा, अडथळे सगळे निघाले. इंजिन ठणठणीत आहे, आणि तरीही मालकाला वाढीव जोर हवा आहे. तेव्हा काय सांगायचं? हा खरा प्रश्न, आणि तो मला माझ्या भाच्यानं विचारला.

भाचा टेक्सासमध्ये असतो. त्याच्याकडे 2005 सालची शेवरले सिल्वराडो पिकअप आहे, 5.3 लिटरचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. रोज कामावर जायला तीच आणि गणपतीत मराठी मंडळाचं सामान ट्रेलरवर ओढायलाही तीच. त्या इंजिनात कॅमशाफ्ट बदलणं हा तिथल्या हौशी लोकांचा नेहमीचा उद्योग आहे, आणि पेट्रोल इंजिन असल्यामुळे त्यातून खरोखर काही मिळतंही. तो म्हणाला, "मामा, तीन कॅम पसंत केले. कोणता घेऊ?"

उत्तर द्यायचं तर कॅमशाफ्ट काय करतो ते नीट समजून घ्यावं लागतं. माझी ओळख त्याच्याशी विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनापासून झाली. त्या जुन्या इंजिनाचे पुशरॉड आणि रॉकर बाहेरून दिसत, एकामागून एक उचलताना डोळ्यांनी मोजता येत. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी. आत येणारी हवा, दाब, स्फोट, बाहेर जाणारा धूर, या चार पावलांत कोणतं दार केव्हा उघडावं, किती उघडावं, किती वेळ उघडं ठेवावं, एवढंच तो सळईवरचा उंचवटा, म्हणजे लोब, ठरवतो. हवा तो आणत नाही, इंधन आणत नाही, आग लावत नाही. इंजिन दोन हजार फेऱ्यांवर असताना प्रत्येक वाल्व मिनिटाला हजार वेळा उघडतो आणि मिटतो, आणि हजारही वेळा त्याच क्षणी. सगळी बुद्धी त्या वेळेत आहे.

यातली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे हवा आत घेणारा वाल्व मिटण्याची घडी. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. तळाला पोचून तो वर यायला लागला तरी वाल्व थोडा वेळ उघडाच ठेवतात. वेगात असलेल्या इंजिनात हवेला ओघ असतो, पिस्टन उलटा फिरला तरी ती आत घुसतच राहते, आणि सिलिंडर जास्त भरतो. इंजिन संथ असेल तर हवेला तो ओघ नसतो. मग तेच उशिरा मिटणारं दार आत आलेली हवा परत बाहेर ढकलू देतं. म्हणजे जो उशीर वेगात दान ठरतो तोच संथपणात चोरी ठरतो. वाल्व तोच, लोबचा आकार तोच, फरक फक्त प्रसंगाचा. धर्मशास्त्रात देश-काल-पात्र पाहून कर्म ठरवायला सांगतात, ते मला या एका वाल्वपाशी जितकं स्पष्ट दिसलं तितकं कुठल्या ग्रंथात दिसलं नव्हतं.

भाच्याच्या इंजिनात कंपनीचा कॅम 190 अंशांच्या आसपासचा आहे. टॅपेट 0.050 इंच, म्हणजे 1.27 मिलिमीटर उचलल्यापासून परत तेवढाच खाली येईपर्यंत क्रँक किती अंश फिरला, ते हे माप. त्याच्यापुढचे तीन पर्याय होते साधारण 210, 220 आणि 230 चे. 230 वाला सहा हजार फेऱ्यांवर गाडीला घोड्यासारखं उधळायला लावतो, आणि तीन हजारांच्या खाली तिला दुबळी करतो. तो बसवायचा तर गिअरबॉक्सचा कन्व्हर्टर बदला, वाल्वच्या स्प्रिंगा बदला, पिस्टन आणि वाल्वमधली फट तपासा, कॉम्प्युटर नव्यानं लावून घ्या. इनटेकमधली पोकळी (व्हॅक्यूम) कमी होते, आणि ब्रेकच्या बूस्टरला तीच पोकळी लागते, म्हणजे ब्रेकचं पेडलही जड होऊ शकतं. 210 वाला वर थोडं देतो आणि खालचं फारसं घेत नाही. त्यालाही स्प्रिंगा आणि कॉम्प्युटरचं काम लागतंच, पण बाकी गाडी आपल्या जागी राहते.

मी भाच्याला विचारलं, "राजा, आधी मले हे सांग, गाडीले रोज काम काय असते?" म्हणाला, हायवेवर शंभरच्या वेगानं तासभर जायचं. तेव्हा फेऱ्या किती? दोन हजाराच्या आगेमागे. ट्रेलर ओढताना? थोड्या जास्त. सहा हजारावर वर्षातून किती वेळा जातोस? तो गप्प झाला.

ईशावास्य उपनिषद अठरा मंत्रांचं आहे आणि पहिल्याच मंत्रात ते त्यागातून भोग घ्यायला सांगतं. मी पुष्कळ दिवस याचा अर्थ असा घेत होतो की आधी सोडा, मग देव देईल. गाड्यांचं काम करता करता मला दुसरा अर्थ दिसला आणि आता तोच खरा वाटतो. भोग आणि त्याग एकामागून एक येत नाहीत. ते एकाच क्षणी, एकाच घासात असतात. वरच्या फेऱ्यांवर जोर घेतलास त्याच क्षणी खालच्या फेऱ्यांवरचा सोडलास, तुला कळो वा न कळो. न कळता सोडणाऱ्याला आपण हौशी म्हणतो, कळून सोडणाऱ्याला मी साधक म्हणेन. त्यामुळे "काय मिळेल?" हा प्रश्न मला अर्धा वाटतो. "काय देऊन?" हे त्याच वाक्यात असायला हवं.

भाच्याला 230 चा मोह का झाला होता, ते त्यानं नंतर सांगितलं. आवाजासाठी. मोठ्या कॅमची गाडी नुसती उभी असली तरी धडधडते, अडखळत, उसळत. व्हिडिओंत तो आवाज ऐकून त्याला भूल पडली होती. या आवाजाचं कारण काय? धूर बाहेर सोडणारा वाल्व आणि हवा आत घेणारा वाल्व थोडा वेळ एकदमच उघडे असतात. मोठ्या कॅममध्ये हा वेळ वाढतो. वेगात असताना जाणारा धूर येणाऱ्या हवेला ओढून घेतो, फायदाच होतो. उभ्या गाडीत मात्र धूर उलटा आत शिरतो, ताज्या हवेत मिसळतो, काही स्फोट नीट होतच नाहीत. तो रुबाबदार आवाज म्हणजे विश्रांतीत असताना नीट श्वास घेता न येणाऱ्या इंजिनाचा आवाज. त्याला ताकदीपेक्षा ताकदीची खूण हवी होती, आणि खूण मिळवायला तो खरी ताकद द्यायला निघाला होता. जपाला बसल्यावर दोन मिनिटं स्थिर राहू न शकणारा आणि चौकात आल्यावर साऱ्या गावाला स्वतःची भक्ती ऐकवणारा माणूस आपल्याला ठाऊक असतो. मला तो आणि हा आवाज वेगळे वाटत नाहीत.

आमच्या शेजारी नांदुऱ्याला, याच रस्त्याच्या कडेला, 105 फुटी मारुती उभा आहे. ट्रकवाले स्टिअरिंगवरचा हात उचलून त्याला नमस्कार करतात. एवढी उंच मूर्ती पाहून माणसाला वाटतं, मारुतीची थोरवी त्याच्या आकारात आहे. रामायणात तसं नाही. समुद्र ओलांडायची वेळ येईपर्यंत त्याला स्वतःचं बळ आठवतही नाही, जांबवंताला आठवण करून द्यावी लागते. समुद्र ओलांडताना तो प्रचंड होतो आणि लंकेत शिरताना लहान होतो. जेवढं काम तेवढं रूप. इंजिनाला हे जमावं म्हणून माणसानं खूप धडपड केली. होंडानं 1989 मध्ये एकाच इंजिनात दोन तऱ्हेचे लोब ठेवले, संथपणासाठी एक आणि वेगासाठी दुसरा, आणि फेऱ्या वाढल्या की एकावरून दुसऱ्यावर जायची सोय केली. आजच्या पुष्कळ गाड्यांत कॅमची वेळ चालता चालता बदलते. मला हे यंत्रविद्येतलं फार सुंदर काम वाटतं. पण त्यालाही किती मागे आणि किती पुढे, ही हद्द आहेच. हद्दीशिवाय रूप बदलणं मारुतीला जमलं, कारण त्याला स्वतःसाठी काही नको होतं.

मग आपल्या हातात नेमकं आहे काय? विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. धुळंही आमच्याच रस्त्यावर आहे, पश्चिमेला. विनोबांचं तिथलं एक सांगणं असं की स्वधर्म शोधायला जावं लागत नाही, तो जन्माबरोबर आपल्याला आलेला असतो. तरुणपणी हे मला पटत नसे. सगळं जर आलेलंच असेल तर निवड कशाची करायची? आज मी त्याचं उत्तर असं देतो: सिलिंडरचा व्यास, पिस्टनची धाव, ब्लॉक, हे आलेलं आहे. देह, घर, भाषा, आईवडिलांचं वय, हेही आलेलं आहे. पण केव्हा उघडावं आणि केव्हा मिटावं, हे बरंचसं आपल्याकडे राहतं. केव्हा बोलावं, केव्हा कर्ज घ्यावं, केव्हा भावाच्या दारात पाऊल ठेवावं. स्वातंत्र्य लहान आहे, पण आयुष्याचा सगळा जोर त्याच लहान जागेतून आत येतो.

आणि "आलेलं" म्हणजेही दगडावरची रेघ नव्हे, हे मला सोलापूरनं शिकवलं. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून पंढरपूरला जाते. सोलापूर आपल्याला चादरींसाठी माहीत, पण यतिन शहा यांची 1992 साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनीही तिथलीच, आणि जनरल मोटर्स, फोर्ड यांसारख्या कंपन्यांना तिथून कॅमशाफ्ट गेले आहेत. ओतीव लोखंडाचा कॅम कसा घडतो ते ऐकण्यासारखं आहे. साच्यात जिथे लोब येणार तिथे लोखंडाचे थंड तुकडे बसवतात. वितळलेला रस त्यांना भिडतो आणि एकदम गोठतो, कार्बन लोखंडात अडकून पडतो, तो भाग पांढरा आणि अतिशय कठीण होतो. बाकीची सळई सावकाश निवते, तिथे कार्बन ग्राफाइट होऊन वेगळा पडतो, तो भाग करडा आणि मऊसर राहतो. रस एकाच पळीतला. जिथे लाखो वेळा घासणं सोसायचं आहे तिथे कठीण, जिथे धक्का पचवायचा आहे तिथे मऊ. सगळाच कठीण असता तर कडकन मोडला असता. स्वभाव म्हणून आपण ज्याच्यापुढे हात टेकतो, त्यातही किती वेगानं निवलो याचा वाटा असतो. मुलांवर रागावण्याआधी मला हे आठवतं.

एक गोष्ट मात्र मी कुणाशी वादाला ठेवत नाही. आपल्याकडे गाडीच्या नोंदणीच्या वेळच्या रूपात मनाला येईल तसा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट केलं आहे. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 ची धुराची मर्यादा आली. चुकीच्या कॅमचं न जळलेलं इंधन सायलेन्सरमधून रस्त्यावर येतं, आणि हमरस्त्याला लागून आमची शाळा आहे, दवाखाना आहे, भाजीवाल्या बायका आहेत. स्वतःच्या जोरासाठी दुसऱ्याचा श्वास घ्यायचा नाही. अमेरिकेतही याचे कायदे आहेत, भाच्याला ते तपासूनच पुढे जायला सांगितलं.

त्यानं 210 वाला घेतला. आवाज फारसा बदलला नाही, ट्रेलर चढावर पूर्वीपेक्षा सहज जातो असं तो म्हणतो. मोताळ्याचा तरुण जुन्याच कॅमवर राजूर घाट चढतोय. एकाला मी बदल करू दिला आणि दुसऱ्याला नको म्हटलं, तरी दोघांना विचारलेला प्रश्न एकच होता. तुम्हीही गाडीसाठी कॅम निवडणार असाल, किंवा आयुष्यात नोकरी, शेती, शिक्षण यांतलं काही बदलायला निघाला असाल, तर आधी एक कागद घ्या. रोज ओढता ते ओझं किती, चढ कोणता, आणि नेहमीच्या फेऱ्या किती, हे त्यावर खरं खरं लिहा. हौशीच्या दिवसाचं लिहू नका, रोजचं लिहा. तो कागद घेऊन या, मग कॅमचं बोलू.